खालून उजेड, वरून डोळा

आजकाल शाळेच्या तक्रारी दप्तरातल्या चिठ्ठीतून येत नाहीत, ई-मेलने येतात. त्यामुळे मुलांची मोठीच पंचाईत झाली आहे. आमच्या वेळी अशी चिठ्ठी पावसात भिजत असे, हरवत असे, अगदीच नाही तर तिच्यावर शेजारच्या काकांची सही मिळत असे. ई-मेल भिजतही नाही आणि हरवतही नाही. परवाच्या शुक्रवारी ५९ नंबरच्या रस्त्यावरून इंचाइंचाने सरकत आम्ही शुगर लँडला घरी पोचलो, तेव्हा शाळेची अशीच एक ई-मेल आमच्या आधी घरी येऊन बसली होती.

मजकूर थोडक्यात असा: आपल्या कन्येने विज्ञानाच्या तासाला सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी फोडली. कोणालाही इजा नाही. सूक्ष्मदर्शकाच्या भागांची नावे लिहिण्याच्या परीक्षेत तिला शंभरपैकी शंभर गुण आहेत. मात्र तो प्रत्यक्ष वापरून दाखवण्याची परीक्षा तिला सोमवारी पुन्हा द्यावी लागेल.

आमच्या सौ.ना त्यातला 'शंभर' दिसला आणि आम्हाला 'फोडली' दिसलं. कन्येचं म्हणणं असं, की "बाबा, ती ग्लास ऑलरेडी खूप थिन होती."

आमचे वडील, आण्णा, जेवणाच्या टेबलाशी बसून फोनवर पुण्याच्या बातम्या ऐकत होते. सहा महिन्यांसाठी आले आहेत. पूर्वी आण्णांना सकाळी पेपर मिळाला नाही तर घरात कुणाशी बोलत नसत. या खेपेला मात्र पेपर नाही, पुस्तक नाही, नुसतं ऐकणं. ऐंशीच्या घरात आण्णा मॉडर्न झाले, असं आम्ही चारचौघांत कौतुकानं सांगत होतो.

आण्णांनी बातम्या बंद केल्या. "कुठलं भिंग लावलं होतंस?"

"फॉर्टी."

"आणि चाक? मोठं फिरवलंस की लहान?"

"मोठं."

"बघत कुठं होतीस? वरून की बाजूनं?"

"वरून. आयपीसमधून."

आण्णा हसले. इथं आल्यापासून इतके मोकळे हसलेले आम्ही पाहिले नव्हते. म्हणाले, "मीसुद्धा अगदी हेच केलं होतं, १९६८ साली. माझी काच फुटली तेव्हा शेजारी चीफ केमिस्ट उभे होते, एवढाच फरक."

वाचकहो, आण्णांची ओळख करून द्यायची राहिलीच. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना चालवून दाखवला आणि मग नगर जिल्ह्यात धुराडी उभी राहत गेली. त्यातल्याच एका कारखान्याच्या लॅबोरेटरीत आण्णांनी छत्तीस गळीत हंगाम काढले. आम्ही वाढलो ते मळीच्या वासात. त्यामुळे मुलानं अमेरिकेत घर घेतलं ते 'साखरेच्या देशात' याचं त्यांना फार अप्रूप होतं. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गाडीची काच खाली करून जोरात श्वास घेतला आणि निराश होऊन काच वर केली. "वास नाही रे!" येणार कुठून? इथे १८४३ पासून साखर होत होती खरी, पण इम्पिरियल शुगरची रिफायनरी २००३ साली बंद झाली. १९२५ साली बांधलेलं विटांचं उंच चार हाऊस मागे राहिलं. तिथे साखरेचा रंग काढायला हाडांचा कोळसा वापरत, हे ऐकल्यावर आण्णांनी त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घेतला. आपल्याकडे हे काम चुना आणि गंधकाचा धूर करतात.

असो. मुद्दा सूक्ष्मदर्शकाचा.

आमच्या गराजमध्ये एक सूक्ष्मदर्शक आहे, हे आम्ही पार विसरलो होतो. तीन वर्षांपूर्वी मागल्या गल्लीतल्या गराज सेलमध्ये तो आम्ही वीस डॉलरला घेतला होता, मुलं शास्त्रज्ञ होतील या आशेनं. याच आशेनं घेतलेली दुर्बीण आणि रसायनांची पेटीही त्याच्या शेजारीच आहे. आठवण झाली ती सौ.ना. गराजमधलं काय कुठे आहे हे त्यांनाच माहीत असतं, कारण ते तिथून कधी जाईल याची वाट त्याच बघत असतात. जुना, लोखंडी, चांगला जड. कन्येनं उलटापालटा करून पाहिला आणि निकाल दिला, "याला लाइटच नाही. इट्स ब्रोकन."

"खाली आरसा आहे का बघ," आण्णा म्हणाले.

आरसा होता.

शनिवारी सकाळी पुवेच्या खिडकीशी शिकवणी सुरू झाली. कन्येनं आपली चौदा नावांची यादी घडाघडा म्हणून दाखवली. आण्णांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "छान. आता नावं बाजूला ठेव. तू उजेड आहेस असं समज. खिडकीतून आत आलीस. आता कुठं जाशील?"

मंडळी, आम्ही मराठी माध्यमातले. नेत्रिका, पदार्थीय भिंग, मंच हे शब्द आम्हीही पाठ केले होते. आकृती काढून, बाण मारून, पट्टीनं रेषा आखून. पण ही नावं ज्या क्रमानं लिहायची त्या क्रमाला काही अर्थ असू शकतो, हे आम्हाला पन्नाशीत कळलं. सूक्ष्मदर्शक म्हणजे उजेडानं खालून वर जायची वाट आहे. प्रत्येक भाग त्या वाटेवर उजेडाचं काहीतरी करतो, नाही तर ज्या वस्तूला बघायचं ती त्या वाटेत नीट धरून ठेवतो. पाया आणि त्यावरची भुजा यांचं काम एवढंच, की बाकीच्यांनी हलू नये. म्हणून उचलताना एक हात भुजेला आणि दुसरा पायाखाली.

"आधी आरशावर जाईन," कन्या म्हणाली.

आरशाला दोन बाजू. एक सपाट, दुसरी आतून खोलगट. आमच्यासारख्या साध्या यंत्रात खोलगट बाजू लावायची, कारण ती उजेड गोळा करून वर फेकते. मोठ्या यंत्रांत मंचाखाली कंडेन्सर असतो, म्हणजे उजेडाचा शंकू करून तो नेमका वस्तूवर टाकणारी भिंगं. कंडेन्सर असेल तर आरशाची सपाट बाजू. शाळेतल्या यंत्रात आरशाच्या जागी दिवाच असतो. आण्णांनी इथे कन्येचा हात धरला आणि जरा कडक आवाजात सांगितलं, की आरसा आकाशाकडे करायचा, पांढऱ्या भिंतीकडे करायचा, पण सूर्याकडे कधी म्हणजे कधी नाही. टेक्ससच्या उन्हात तर नाहीच. भिंगांतून आलेला सूर्य डोळा जाळतो.

"मग?"

"मग या होल्सच्या चकतीतून."

मंचाखाली भोकांची एक चकती असते, लहानापासून मोठ्यापर्यंत भोकं असलेली. मोठ्या यंत्रांत त्याऐवजी बुबुळासारखा मिटणारा-उघडणारा पडदा असतो. आम्हाला वाटायचं, जितका उजेड जास्त तितकं चांगलं दिसणार. तसं नाही. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक वस्तू भरपूर उजेडात दिसतच नाही, दुपारच्या उन्हात काचेचा पेला दिसू नये तशी. भोक लहान केलं की कडा उठून येतात. फार लहान केलं तर मात्र बारकावे पुसटतात. "पोह्यांत मीठ घालतात तसं," आण्णा म्हणाले. "चव बघत बघत."

त्यावर मंच. मधे भोक, वर काचपट्टी दाबून धरणाऱ्या दोन चिमट्या. मग काचपट्टीवरची वस्तू. उजेड तिच्या आरपार जातो, म्हणून वस्तू पातळ हवी. त्यानंतर फिरत्या चकतीला लावलेली तीन भिंगं. या चकतीला इंग्रजीत नोजपीस म्हणतात, म्हणून आण्णांनी तिचं नाव 'नाक' ठेवलं. आण्णांनी भिंगांवरून नुसती बोटं फिरवली आणि म्हणाले, "हा सगळ्यांत आखूड तो चारचा, मधला दहाचा, लांब तो चाळीसचा. नाक फिरव. टक् असा आवाज आला का? तो आल्याशिवाय भिंग वाटेवर आलेलं नसतं." आम्ही मनात म्हटलं, वा, काय कसब आहे! बघायचीसुद्धा गरज नाही. भिंगांवर रंगीत कडीही असते. चारला लाल, दहाला पिवळी, चाळीसला फिकी निळी, शंभरला पांढरी. कन्येनं ती दाखवली तर आण्णा "हो का?" एवढंच म्हणाले.

आता काच का फुटली ते. चाळीसचं भिंग स्पष्ट दाखवतं तेव्हा ते काचपट्टीपासून मिलिमीटरभरही दूर नसतं. मोठं चाक एका फेऱ्यात त्याच्या कितीतरी पट अंतर सरकवतं. वरून बघणाऱ्याला खाली काय चाललंय ते दिसत नाही. तेव्हा रीत अशी: सुरुवात नेहमी चारच्या भिंगानं. मान वाकवून बाजूनं बघत भिंग आणि काच जवळ आणायची. मग डोळा वर लावायचा आणि मोठं चाक उलटं, म्हणजे अंतर वाढेल असंच फिरवत जायचं. चित्र आलं की लहान चाकानं ते लख्ख करायचं. चांगल्या यंत्राची भिंगं अशी बेतलेली असतात, की चारवर स्पष्ट केलं की दहावर आणि चाळीसवरही ते जवळजवळ स्पष्टच असतं. नाक फिरवायचं आणि फक्त लहान चाक किंचित हलवायचं. चाळीसवर मोठ्या चाकाला हातसुद्धा लावायचा नाही.

"जवळ जाताना बघत जायचं, आणि शोधायचं ते मागे येताना," असं आण्णांनी सांगितलं. हे वाक्य आम्ही लग्नाळू मुलांच्या आईवडिलांसाठी लिहून ठेवलं आहे.

यानंतर उजेड नळीतून वर नेत्रिकेपर्यंत जातो. तिथे कन्येला एक कोडं होतं. शाळेत त्यांना वर्तमानपत्रातलं इंग्रजी 'ई' अक्षर बघायला देतात आणि ते उलटं दिसतं. का ते तिला माहीत नव्हतं. आण्णांनी जुनं कालनिर्णय मागवलं. मागे पाककृती नाही याची खात्री करून सौ.नी ते दिलं, आणि त्यातल्या बारीक मजकुरातलं एक 'ग' कापून काचेवर ठेवण्यात आलं. कन्येनं डोळा लावला आणि ओरडली, "शिरोरेखा खाली आलीय! आणि काना डावीकडे!"

'ग'नं शीर्षासन केलं होतं. खालचं भिंग वस्तूची मोठी आणि उलटी प्रतिमा नळीत वरच्या बाजूला तयार करतं. नेत्रिका त्या प्रतिमेकडे नुसती भिंग धरून बघते. तिला मोठी करते, सुलटी करत नाही. म्हणून काच डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. आमच्या कन्येची मराठी रविवारच्या शाळेपुरती. पण 'शिरोरेखा' हा शब्द तिच्या तोंडून आपणहून निघालेला आम्ही प्रथमच ऐकला.

दोन भिंगांचा गुणाकार म्हणजे यंत्राची ताकद. नेत्रिका दहाची आणि खालचं भिंग चारचं, तर चाळीस पट. चाळीसचं लावलं तर चारशे पट. इथे आम्ही मोठेपणानं बोललो, की परवा दुकानात खोक्यावर 'बाराशे पट' लिहिलेला एक सूक्ष्मदर्शक पाहिला, तोच घ्यायला हवा होता.

आण्णा म्हणाले, "ताकात पाणी घातलं की ताक वाढतं. लोणी वाढतं का?"

वाचकहो, हे नाताळच्या खरेदीआधी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मोठं करणं वेगळं आणि बारकावा दाखवणं वेगळं. भिंगावर पट लिहिलेली असते, तिच्या शेजारी आणखी एक आकडा कोरलेला असतो. चाळीसच्या भिंगावर तो साधारण ०.६५ असतो. भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं, त्याचं ते माप. त्याला हजारानं गुणलं की उपयोगी पडणारी जास्तीत जास्त पट मिळते, म्हणजे इथे साडेसहाशे. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण नवीन काही दिसत नाही. याचं गणित जर्मनीत येना गावी एर्न्स्ट अबे यांनी १८७३ साली मांडलं. उजेडाच्या लहरींनाच लांबी असते, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसूच शकत नाहीत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिथपर्यंत पोचायलासुद्धा शंभरचं भिंग लागतं, आणि ते व काच यांच्यामध्ये खास तेलाचा थेंब. तेल काचेइतकंच उजेडाला वाकवतं, त्यामुळे काचेतून निघालेला उजेड हवेत वाकडा होऊन निसटत नाही, भिंगात शिरतो. लहानपणी गावात हिवतापाचा कर्मचारी बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन जायचा ना, तो अशाच तेलाच्या भिंगाखाली तपासला जायचा.

तेव्हा खोक्यावरची पट बघू नका. भिंगं काचेची आहेत का, चाकं डगमगत नाहीत ना, आणि मंचाखाली उजेड कमी-जास्त करायची सोय आहे का, एवढं बघा.

मग आण्णांनी त्यांचा स्वतःचा विषय काढला. "साखर आण."

कारखान्यात रस आटवून त्याचा पाक करतात, आणि तो निर्वात पॅनमध्ये उकळत ठेवून त्यात साखरेचे अगदी बारीक कण सोडतात. पाकातली साखर त्या कणांवर चढत जाते आणि दाणा मोठा होतो. पाक फार घट्ट झाला तर नको तिथे नवे बारीक दाणे जन्म घेतात. ते पुढे मशीनच्या जाळीतून मळीबरोबर निघून जातात, म्हणजे शेतकऱ्याची साखर मळीत. म्हणून पॅनमन घडोघडी काचेवर नमुना घेऊन बघतो, आणि शंका आली तर काच लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली. आण्णांच्या "दाणा चांगला आहे" या तीन शब्दांवर रात्री दोन वाजता पॅन खाली होत असे.

कन्या साखरेवर पाणी टाकायला निघाली, तशी आण्णांनी तिला थांबवलं. "पाण्यात घातलीस तर काचेवर सरबत उरेल. तेलाचा थेंब टाक." स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल आलं. चारचं भिंग. आणि कन्या गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, हे तर डायमंड्स आहेत. तुम्ही बघा ना."

आण्णा पुढे झाले, नेत्रिकेला डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. "वा," म्हणाले. "छान दाणा आलाय."

ते मागे सरल्यावर कन्येनं पुन्हा डोळा लावला. मग मान वर करून आधी आण्णांकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं. उठताना तिच्या कोपरानं काच सरकली होती. भिंगाखाली काहीच नव्हतं. नुसतं पांढरं वर्तुळ.

ती काही बोलली नाही. बारा वर्षांच्या मुलीला हे शहाणपण कुठून आलं कोण जाणे. तिनं काच सरळ केली आणि म्हणाली, "आजोबा, मीच सांगते, तुम्ही ऐका. प्रॅक्टिस होईल मला."

"बरं," आण्णा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "सांग. पण नीट सांग. कडा कशा आहेत? धारदार, की झिजलेल्या?"

"शार्प. म्हणजे धारदार. काही काहींचे कोपरे तुटलेत."

"एकेकटे आहेत की जोडीजोडीनं?"

"बहुतेक एकटे. एका ठिकाणी दोन चिकटलेत. नाही, तीन."

"आजूबाजूला धूळ आहे का, पिठासारखी?"

"थोडी."

"ती पोत्यांत घासून होते. दाणे चिकटले ते पॅनमध्ये. फिरतं कमी पडलं असेल. आता मोठा किती आहे ते सांग."

ते कसं सांगायचं? आण्णांनी पारदर्शक फूटपट्टी मंचावर ठेवायला लावली. नजरेच्या वर्तुळात मिलिमीटरचे साडेचार घर मावले. पट्टी काढून दाणे मोजले तर आडव्या रांगेत नऊ मावतील असे. साडेचार भागिले नऊ. अर्धा मिलिमीटर. "तरीच," आण्णा सौ.ना म्हणाले, "तुमच्या इथली साखर चहात टाकली की दिसेनाशी होते. आपली एम-३० याच्यापुढं खडीसाखर वाटेल."

दुपारी सगळे झोपल्यावर आम्ही विचारलं. आण्णांनी टाळाटाळ केली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नवं भिंग बसलं, तरी वर्षभरापासून बघतील त्याच्या नेमकं मधे धुकं येतं. कडेचं दिसतं, म्हणून चालता-फिरता येतं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही. आम्ही विचारलं, "सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "तुम्ही एवढं तिकीट काढून बोलावलंत. आल्या आल्या काय डोळ्यांचं रडगाणं लावायचं?"

आणि आम्ही तीन आठवडे म्हणत होतो, आण्णा मॉडर्न झाले.

पुढच्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो वयामुळे झिजला आहे. कोरड्या प्रकारचा आहे. गेलेली नजर परत येणार नाही, पण लक्ष ठेवावं लागेल, कारण याचाच ओला प्रकार झाला तर नजर झपाट्यानं जाते, आणि त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, ती वेळेवर द्यायला हवीत. डॉक्टरांनी चौकटी आखलेला एक कागद दिला. एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या किंवा एखादा तुकडा नाहीसा झाला तर ताबडतोब फोन. तो कागद आता आमच्या फ्रिजवर कालनिर्णयाशेजारी लावला आहे. वाचकांपैकी ज्यांचे आईवडील येणार आहेत किंवा आले आहेत त्यांनी डोळे एकदा दाखवून घ्यावेत, ही आग्रहाची विनंती. "पेपर का वाचत नाही?" हा प्रश्न कौतुकानं नव्हे, खरोखर विचारावा. आम्ही विचारला नाही.

दवाखान्यातून येताना गाडीत आण्णांनी कन्येला सगळं समजावून सांगितलं, तिच्याच धड्यात. "उजेड येतो, बुबुळातून शिरतो, ती झाली आपली चकती. भिंग तर माझं कोरं करकरीत आहे. पण पोचायचं जिथं, तो पडदाच मधे विटलाय. यंत्राला काही झालेलं नाही."

सोमवारची परीक्षा मात्र त्याआधीच झाली होती. काच फुटली नाही. चारपासून सुरुवात, बाजूनं बघणं, मागे येत शोधणं, सगळं रीतसर झालं. शेवटी बाईंनी उजेडाची वाट आकृतीत दाखवायला सांगितली. कन्येनं आरशाच्या जागी दिवा काढला, बाण वर नेला आणि नेत्रिकेच्या वर एक डोळा काढून त्यालाही नाव दिलं. यादीत चौदाच भाग होते, हा पंधरावा. बाईंनी त्याला गुण दिला नाही, पण शेजारी प्रश्नचिन्हही काढलं नाही.

आता आमच्याकडे रोज संध्याकाळी कारखाना चालतो. कन्या बघते आणि आण्णा ऐकतात. मीठ झालं, हळद झाली, ऑयस्टर क्रीकच्या पाण्याचा थेंब झाला. त्यात काहीतरी वळवळलं ते मराठीत कसं सांगायचं यावर अर्धा तास गेला. "केसाळ" आणि "लांबुळकं" हे दोन शब्द तिनं त्या दिवशी मिळवले. 'थिंगी' म्हटलं तर आण्णा पुढचं ऐकत नाहीत. लॅबच्या वहीत असं चालत नसे, म्हणतात.

ज्यांच्या गराजमध्ये असं एखादं यंत्र पडून असेल त्यांनी ते बाहेर काढावं. दिवा नसेल तर खाली आरसा आहे का बघावं. सौ. विचारतात, आता ती दुर्बीण कधी बाहेर निघणार. तिचं पुढच्या अंकात.